चेंडू मानाप्रमाणे

कोणत्याही संस्थेला अपयश आलं की त्याचं कारण त्या संस्थेत सर्वांत शेवटी आलेल्या माणसात सापडतं. हा सिद्धांत बँका, लग्नघरं, गृहनिर्माण सोसायट्या आणि नव्या सुनांची सासरं अशा विविध ठिकाणी तपासून झालेला आहे आणि अद्याप कुठेही खोटा ठरलेला नाही. आमच्या फुटबॉल संघालाही तो तंतोतंत लागू पडला, याचा पूर्व टोकियो मराठी क्रीडा मंडळाचा चिटणीस या नात्याने मला रास्त अभिमान वाटतो.

खरं म्हणजे आम्हाला क्रिकेट खेळायचं होतं. पण कोतो वॉर्डातल्या नदीकाठच्या मैदानावर टणक चेंडूला परवानगी नाही. वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी तीनदा वाकून नमस्कार केला आणि क्रिकेट ‘जरा अवघड’ असल्याचं सांगितलं. (जपानीत ‘जरा अवघड’ म्हणजे या जन्मी नाही.) शनिवार सकाळची एकच वेळ शिल्लक होती आणि ती फ्लॅग फुटबॉलसाठी राखीव होती. बाळासाहेब हे आमचे संस्थापक, एका ट्रेडिंग कंपनीच्या टोकियो ऑफिसचे प्रमुख. ते म्हणाले, “मग फुटबॉल तर फुटबॉल. मैदान सोडायचं नाही.” अशा रीतीने आम्हाला त्या खेळाची आवड निर्माण झाली.

हा अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार आहे. एका बाजूला पाच माणसं. प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्टी लटकते. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याची पट्टी समोरच्याने ओढली की डाव तिथेच थांबतो. अशा मोजक्या प्रयत्नांत चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे न्यायचा. नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. या सगळ्याचं ओझं एका माणसावर असतं, तो क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि धावत सुटलेल्या साथीदारांपैकी जो मोकळा असेल त्याच्याकडे त्याने तो फेकायचा असतो. क्वार्टरबॅक म्हणजे थोडक्यात पंगतीतला वाढपी. हातात भांडं एक, समोर पानं अनेक, आणि मागून कोणीतरी सारखं ओढतंय.

मंडळाच्या घटनेनुसार हे पद सर्वांत शेवटी आलेल्या सभासदासाठी राखीव आहे. संस्थापकांनी ही तरतूद फार दूरदृष्टीने केली. ज्या पदावर खापर फुटणार, ते पद नवख्याकडे असलं म्हणजे ज्येष्ठांची डोकी शाबूत राहतात. हंगामातल्या शेवटच्या सामन्यापर्यंत नवख्याने एकही टचडाऊन करून दाखवला नाही, तर त्याची बदली पाण्याच्या बाटल्या भरण्याच्या विभागात होते. आजवरचे सर्व माजी क्वार्टरबॅक त्याच विभागात आहेत, त्यामुळे आमचा पाणीपुरवठा स्पर्धेत उत्कृष्ट मानला जातो.

गेल्या वर्षी हे पद सुयशकडे आलं. सुयश पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मार्चमध्ये कंत्राटावर टोकियोत आलेला. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टीरक्षकाच्या हातात चेंडू देण्याची त्याला सवय होती. सरावाला त्याने पलीकडच्या कुंपणावर ठेवलेला चहाचा रिकामा डबा पहिल्याच फेकीत पाडला. तरीही संघाचे गुण होईनात. सात सामने झाले, टचडाऊन शून्य. तेव्हा कार्यकारिणीने ‘आक्रमण अभ्यास समिती’ नेमली. समितीत संघातले तिन्ही ज्येष्ठ होते, जेणेकरून चौकशी निःपक्षपाती व्हावी.

समितीपुढे आलेली आकडेवारी अशी: सुयशने एकूण एकशे बारा वेळा चेंडू फेकला. त्यांपैकी एकसष्ट वेळा हेमचंद्रकाकांकडे, चौतीस वेळा हरीशकडे, सतरा वेळा बाळासाहेबांकडे. विभाताईंकडे शून्य. झेलले गेले नऊ. बाकीचे चेंडू ज्येष्ठांना लागून, चाटून किंवा नुसतं दर्शन घेऊन पुढे गेले.

या वाटपामागे संस्कार आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. हेमचंद्रकाका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सुयशला फ्लॅट मिळवून देताना जामीन म्हणून त्यांचाच शिक्का लागला होता. हरीश हा ऑफिसात त्याचा मॅनेजर. कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, हे हरीश-सानच्या एका ईमेलवर ठरतं. बाळासाहेबांनी त्याला आपला जुना फ्रिज दिला होता. विभाताईंनी मात्र त्याला काहीच दिलेलं नव्हतं. त्या तिथल्या भारतीय शाळेत गणित शिकवतात, कॉलेजात चारशे मीटर धावायच्या, आणि प्रत्येक डावात उजव्या कोपऱ्यात एकट्या, हात वर करून उभ्या असायच्या. पण घरात जामीनदार ताटकळलेला असताना कोणत्या चांगल्या घरचा मुलगा आधी दुसऱ्याला वाढेल?

“मी मोकळीच आहे रे सुयश,” त्या एकदा म्हणाल्या. “एप्रिलपासून.”

“हो ताई, दिसतं मला,” सुयश म्हणाला, आणि पुढचा चेंडू त्याने हेमचंद्रकाकांकडे फेकला. तो काकांच्या चष्म्याला लागला. काकांनी मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

दुसरं कारण वेळेचं. डाव सुरू करायला पंचवीस सेकंद मिळतात. इतर संघांचा क्वार्टरबॅक दोन शब्दांत खूण सांगतो. आमचा क्वार्टरबॅक म्हणायचा, “काका, तुम्ही जरा डावीकडून पळाल का? गुडघा दुखत नसेल तरच हं.” तेवढ्यात पंच ओनोदेरा-सान शिट्टी वाजवायचे आणि आम्ही पाच यार्ड मागे जायचो. वडीलधाऱ्यांशी नीट बोलल्याबद्दल दंड करणारा जगात हा एकच खेळ असावा. यावर उपाय म्हणून हरीशने प्रत्येक डावाला मेट्रो स्टेशनचं नाव दिलं. पण ‘मोन्झेन-नाकाचो’ असं सुयश ओरडला रे ओरडला की बाळासाहेब वळून म्हणायचे, “त्यापेक्षा कायाबाचोला गाडी बदललेली बरी.” मग त्यावर चर्चा व्हायची, आणि ओनोदेरा-सानची शिट्टी.

तिसरं कारण मैदानाबाहेरचं, म्हणजे सल्लागार मंडळ. त्यात घडीच्या खुर्च्यांवर बसलेले ज्येष्ठ सभासद असतात. (माझी खुर्ची डावीकडून दुसरी. गुडघ्यामुळे मला खेळता येत नाही, पण बोलता येतं.) उंटावरून शेळ्या हाकण्याला लोक उगाच नावं ठेवतात, उंटावरून शेळ्या किती स्पष्ट दिसतात, याचा कोणी विचार करत नाही. एकाच क्षणी सुयशला ‘फेक’, ‘फेकू नकोस’, ‘पळ’, ‘थांब’ आणि ‘शांत डोक्याने घे रे गाढवा’ असं पाचपदरी मार्गदर्शन मिळायचं. तो नम्र असल्याने प्रत्येकाकडे वळून बघायचा. तोवर त्याची पट्टी गेलेली असायची.

या सर्वांचा साकल्याने विचार करून समितीने एकमताने निष्कर्ष काढला: क्वार्टरबॅक नवखा असल्यामुळे गुण होत नाहीत. (शेवटच्या सामन्यात समोर येणाऱ्या नळकाम कंपनीच्या संघाचा क्वार्टरबॅकही त्याच वर्षी लागलेला मुलगा होता आणि त्यांचे दर सामन्याला तीस गुण होत. ही बाब अहवालातून वगळण्यात आली, कारण ती विषयाला धरून नव्हती.)

निष्कर्षाची प्रत मी सुयशला स्टेशनजवळच्या कोन्बिनीबाहेर, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाबाहेर, दिली. तो ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्याचा, कागद सोडवत होता. प्रत वाचून त्याने भात तसाच पिशवीत ठेवला.

“शशांकसर, एक बोलू?” तो म्हणाला. “आठवडाभर मी ऑफिसात जपानीत नुसतं ‘हाय, हाय’ करतो, म्हणजे होला हो. मीटिंगमध्ये निम्मं कळत नाही, तरी हो, हो. घरमालकाला हो, चुकीच्या दिवशी टाकलेली कचऱ्याची पिशवी परत आणून देणाऱ्या शेजारणीला हो. शनिवारी एखादा चेंडू हातातून बरोबर सुटतो ना, तेव्हा वाटतं, आपल्यालाही काहीतरी येतं इथे. हे नका काढून घेऊ.”

“माझ्या हातात काय आहे?” मी म्हणालो. (चिटणिसाच्या हातात सगळं असतं, पण हे वाक्य पदाबरोबरच येतं.) “शेवटच्या सामन्यात टचडाऊन कर, मग कोण बाटल्या भरायला लावतंय तुला?”

“आणि केला, तर मी क्वार्टरबॅक राहीन ना?”

मी घटना आठवून पाहिली. तसा प्रसंग कधी आलेला नसल्याने त्याबाबत तरतूद नव्हती. तसं मी त्याला सांगितलं. तो खूश झाला. नवखा होता, हे समितीचं निदान अगदीच चुकीचं नव्हतं.

नोव्हेंबरमधला तो शेवटचा सामना. नळकामवाले चौतीस, आम्ही शून्य. सामना संपत आलेला, आमचा शेवटचा प्रयत्न, आणि समोरच्यांच्या चुकांमुळे आम्ही टोकापासून पाच यार्डांवर येऊन ठेपलेलो. इथून चेंडू पळत न्यायला नियमाने बंदी आहे, फेकावाच लागतो. पाचही जण गोल करून उभे राहिले.

“प्रेशर घेऊ नकोस,” हेमचंद्रकाका म्हणाले. “माझ्याकडे टाक.”

“काका, डेटा बघा ना,” हरीश म्हणाला. “सुयश, माझ्याकडे. मंडेला आपण तुझ्या एक्स्टेन्शनचं बोलूच.”

बाळासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “या दोघांचं चालू दे. तू मला सांग, फ्रिज नीट चाललाय ना?”

सुयशने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही तिघंही डावीकडे पळा. आणि ‘मला, मला’ असं ओरडा. नेहमीसारखं. जमेल तेवढ्या जोरात.”

“चेंडू डावीकडे येणार ना पण?” काकांनी विचारलं.

“येणार,” सुयश म्हणाला. वडीलधाऱ्यांशी खोटं बोलण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्याचे कान लाल झाले होते.

तिघं डावीकडे सुटले. ‘मला, मला’ हा घोष इतका मनापासून उठला की नळकाम कंपनीचे चार खेळाडू त्यांच्या मागे धावले. मराठी न कळणाऱ्यालाही त्यातली कळकळ कळली. पाचवा सुयशवर धावून आला. खुर्च्यांवरून आम्ही सगळे ‘डावीकडे’ म्हणून ओरडलो. सुयशने आमच्याकडे पाहिलं नाही. त्याने उजव्या कोपऱ्यात चेंडू फेकला, सीमारेषेवरून यष्टीरक्षकाकडे देतात तसा, सरळ आणि सपाट. विभाताईंनी तो टोकाच्या रेषेपलीकडे छातीशी घेतला.

ओनोदेरा-साननी दोन्ही हात सरळ वर केले. आमच्यापैकी कोणालाही त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. तशी गरज कधी पडली नव्हती. “आता कसला दंड?” बाळासाहेबांनी विचारलं. मग विभाताईंनी चेंडू आकाशात उडवला आणि सुयश तिथेच गुडघ्यांवर बसला. मला इतका आनंद त्या वर्षात कशाचाही झाला नव्हता. इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही.

तिथेच नदीकाठी डबे उघडून विशेष बैठक भरली. पहिला ठराव ज्येष्ठांच्या अचूक मार्गदर्शनाबद्दल अभिनंदनाचा. तो ज्येष्ठांनीच मांडला, त्यामुळे वेळ वाचला. दुसरा ठराव हेमचंद्रकाकांनी मांडला आणि तो तर्काला धरून होता. क्वार्टरबॅकचं पद नवख्यासाठी राखीव आहे. ज्याने टचडाऊन केला त्याला नवखा म्हणता येत नाही. सबब सुयशला त्या पदावर ठेवणं घटनाबाह्य ठरेल. त्याला सन्मानाने सल्लागार मंडळावर घेण्यात यावं.

“पण मला फेकायला...” सुयश म्हणाला.

“अरे, प्रमोशन आहे!” हरीश म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विभाताईंनी वाजवल्या नाहीत. बाळासाहेबांनी स्वतः उठून त्याला घडीची खुर्ची उलगडून दिली.

सुयशच्या मांडीवर चेंडू तसाच होता. त्याने तो काही वेळ दोन्ही हातांत धरला, मग माझ्याकडे दिला.

“हाय,” तो म्हणाला.

यंदाच्या हंगामात क्वार्टरबॅक वरद आहे. तो नागोयाहून बदलून आला, त्याला मोटारींचे ब्रेक कळतात, आणि आल्याबरोबर हेमचंद्रकाकांनी त्याच्या फ्लॅटच्या कागदांवर जामीन म्हणून शिक्का मारला. पहिल्या सामन्यात चेंडू त्याच्या हातात आला. ज्येष्ठ डावीकडे पळाले, विभाताई उजवीकडे एकट्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. सुयश उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडत होता, “विभाताईंकडे टाक! उजवीकडे! अरे, उजवीकडे!”

सल्ला अगदी बरोबर होता. नम्र मुलगा कोण बोलतंय ते पाहायला वळला, आणि त्याची पट्टी गेली.

आता थोडं तुमच्याबद्दल. हा खेळ काय असतो, हे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तुम्हाला ठाऊकही नव्हतं. तरी विभाताईंचं नाव आल्यापासून ‘अरे, त्यांच्याकडे टाक ना!’ असं तुम्ही मनातल्या मनात किती वेळा ओरडलात, ते मी विचारत नाही. अशाच जाणकार माणसांची मंडळाला नेहमी गरज असते. सुयशच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी उलगडून ठेवली आहे. शनिवारी सकाळी या आणि वाटेल तितकं ओरडा. चेंडू मात्र मागू नका, ते काम नवख्याचं आहे.