अकरा एमबीची साफसफाई

"अकरा सेकंद! एक ओळ टाईप करायची, एंटर दाबायचं, झालं!"

सायमी कोर्पेलानं फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या तिच्या इमारतीच्या सभेत ही घोषणा केली, तेव्हा बाराही रहिवासी कौतुकानं गप्प राहिले. तसे ते एरवीही गप्पच असतात.

तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क तुडुंब भरली होती. त्यावर तीन कंटेनर चालत. डबेच म्हणा ना! एकेका डब्यात एकेक प्रोग्राम, आपल्या मीठमसाल्यासकट बंद. एक कपडे धुण्याच्या वेळांचा, एक बर्फ उपसण्याच्या वेळांचा आणि तिसरा सौनाच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वाफेच्या खोलीच्या, वेळांचा. या तिसऱ्याचं नाव निघालं की लोकांचा आवाज आपोआप खाली येई. तुओवीआजी गेली एकतीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सहाला सौनात बसत होत्या. त्या वेळेला हात लावायची हिंमत त्यांच्या नवऱ्यानंही कधी केली नव्हती!

सायमी भौतिकशास्त्र शिकलेली. चहातली साखरसुद्धा ग्रॅममध्ये सांगायची. दोष एकच: खिडकी दिसली की तिची तंद्री लागे.

बुधवारी ती तळघरात उतरली. मशीनवर कुणीतरी वाळत टाकलेले ओले हातमोजे बाजूला केले आणि स्क्रीनवर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली. चालू डब्याला धक्का लागायला नको, त्यातही सौनाच्या; म्हणून आधी तोच बंद केला. मग साफसफाईची ती सुप्रसिद्ध एक ओळ लिहिली.

मशीननं विचारलं, 'बंद असलेले सगळे डबे कायमचे जातील. नक्की?'

नेमकी त्याच वेळी तिची नजर वर गेली. तळघराची खिडकी फुटपाथच्या पातळीवर होती. बाहेर बर्फ इतका सावकाश पडत होता, जणू त्याला कुठे पोचायचंच नव्हतं. लाल बुटांची एक जोडी गेली. मागून कुत्र्याचे चार पाय गेले, तेही झोपेत चालल्यासारखे. असा एक कण सेकंदाला किती मीटर उतरत असेल बरं? हवेचा विरोध धरला तर... बोटानं 'हो' दाबलं.

'मोकळी झालेली जागा: अकरा एमबी.'

हत्तीच्या पाठीवरून माशी उडाली! डिस्क होती तशीच तुडुंब. सौनाचा डबा मात्र वेळांच्या यादीसकट गायब!

डबा बनवणारा अन्सी आता दुसऱ्या शहरात राहत होता. सायमीनं फोन लावला.

"यादी डब्याच्या बाहेर वेगळी ठेवली होतीस ना?"

"कशाला? डबा चालूच होता की!"

"नक्कल तरी?"

"डबा चालूच होता की!"

शनिवारपर्यंत यादी पुन्हा उभी करायलाच हवी होती, तीही कुणाला न कळता. नाहीतर आजींना तोंड कसं दाखवणार? सायमीनं कागदावर वारांची आणि वेळांची चौकट आखली आणि माहिती गोळा करायला निघाली. जिन्यात हिर्वेलाकाका भेटले.

"काका, शनिवारी संध्याकाळी काय करता?"

काकांनी कठडा घट्ट धरला. "का? कुणाचं काही बरंवाईट झालंय?"

"छे! सहज विचारलं."

"सहज?"

तीन वर्षांत दोघांमध्ये 'नमस्कार'पलीकडे एक शब्द झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत हे 'सहज' चारही मजले फिरून आलं!

"पोरगी एकटी पडलीय हो."

"सौनाची वेळ हवी असेल. मागायला लाजते बिचारी!"

दुसऱ्या दिवसापासून जो तो एकच उत्तर देऊ लागला. "शनिवारी? आमचं काहीच नसतं. तू जा!" शुक्रवारचं विचारलं, तरी तेच. हिर्वेलाकाका तर म्हणाले, "मी हल्ली घरीच आंघोळ करतो." आणि लाजून लाल झाले.

चौकट भरली. निष्कर्ष निघाला: या इमारतीत आजी सोडून सौना कुणीच वापरत नाही! फिनलंडमध्ये याहून तलाव उकळल्याची बातमी खरी वाटली असती.

शनिवारी सहाला ती टॉवेल गुंडाळून कबुली द्यायला गेली.

"दार लाव, वाफ जातेय!" वरच्या फळीवरून तुओवीआजींचा आवाज आला.

आजींनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं. चर्र झालं आणि सगळं धूसर झालं. फळ्या विरघळल्या, आजी विरघळल्या, सायमीला स्वतःचे गुडघेही दिसेनात. त्या मऊ, पांढऱ्या अंधारात बोलणं अगदी सोपं झालं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"कुठली यादी?" धुक्यातून प्रश्न आला.

"कॉम्प्युटरवरची!"

"ती होय! अगं, ती कोण बघतं? वेळा सगळ्यांना पाठ आहेत. अन्सीनं इतक्या हौसेनं केलं, त्याला नको कसं म्हणायचं?"

"म्हणजे कुणाला पत्ताच लागला नाही?"

"लागला की! एक डबा कमी झाल्यापासून मशीन गार पडलंय. हिर्वेलाचे हातमोजे बुधवारपासून ओले आहेत!"

सोमवारी सायमीनं नवा डबा बनवला. आत यादीबिदी काही नाही, एकच ओळ: मोजत राहा, थांबू नकोस.

मशीन पुन्हा तापलंय. हातमोजे आता तासाभरात वाळतात.