कर्नेल बदललं आणि माफी भलतीकडे गेली

श्याम पोंक्ष्याला काय अवदसा आठवली आणि त्याने नेमकं त्याच सोमवारी काँप्युटरचं कर्नेल बदलायला घेतलं. (कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला मुख्य कारभारी प्रोग्रॅम. नवा मुंबईहून टेपवर आला होता.) मिरजोळ्याच्या त्या आमरसाच्या कारखान्यात यंत्र एकच, पण तारा ओढून त्याचे पडदे खोलीखोलीत बसवलेले. चार नंबरच्या लाईनवर डिस्पॅचमध्ये उमा, म्हणजे श्यामची बायको. पाच नंबरवर मॅनेजर करंदीकर साहेब.

खरं तर त्या दिवशी यंत्रापेक्षा बायकोकडे बघायला हवं होतं. आदल्या दिवशी उमाच्या मामांसमोर तो तिच्या मोदकांना म्हणाला, "काय गं, हे वळलेस की आपटलेस?" मामा हसले. उमा हसली नाही. सकाळी ती बॅग घेऊनच कामावर आली. दुपारच्या एसटीने दापोलीला माहेरी, आणि परत कधी ते गणपतीला माहीत!

नवं कर्नेल बसताना ढीगभर प्रश्न विचारत होतं. श्यामने एकही न वाचता सगळ्यांना 'होय' म्हटलं. (लग्नात भटजींनाही तो असाच होय होय करत गेला होता.) सकाळभर यंत्र ठप्प. करंदीकर साहेबांनी येऊन यंत्रालाच दोन थपडा हाणल्या. "निर्लज्जा, एवढे पैसे मोजले तुझ्यासाठी! आणि पोंक्षे, हे सुरळीत चालल्याशिवाय तुम्ही इथून हलायचं नाही!"

शेवटी यंत्र जागं झालं. श्यामने घाईघाईने चार नंबरवर लिहिलं. नवराबायकोचा हा नेहमीचा चोरटा मार्ग, लिहिणाऱ्याचं नावसुद्धा उमटत नसे. "चुकलं माझं. पुन्हा असं वागणार नाही. रागावू नकोस. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

एसटीची वेळ होत आली होती. मग लाज गुंडाळून त्याने पाच नंबरवर साहेबांना लिहिलं, "यंत्र चालू झालं. आता अर्धा दिवस सोडा, साहेब. बायको माहेरी निघाली आहे. तिच्यावाचून मला घरात चहाची पूडही सापडत नाही. मोदक झकास होते, मीच नालायक. पण हे तिला कळू देऊ नका, डोक्यावर बसेल. - पोंक्षे."

तेवढ्यात साहेबच धावत आले. डोळ्यांत पाणी! "पोंक्षे, या यंत्राने माझी माफी मागितली हो! 'तुझ्याशिवाय मला कोण आहे' म्हणतो! मी 'माफ केलं' असं टाईप केलं, तर म्हणतो, 'असं काही सापडत नाही'. केवढा विनय! काय केलंत हे?"

(न समजलेल्या हुकमाला यंत्राचं हे ठरलेलं उत्तर.) काय केलं ते श्यामला आत्ता कळलं. नव्या कर्नेलने लाइनी आपल्या मनाने पुन्हा मोजल्या होत्या. चारची पाच, पाचची चार. म्हणजे साहेबांना लिहिलेलं ते...

"अरे देवा!" म्हणत तो डिस्पॅचकडे पळाला.

उमा पडद्यासमोर बसली होती. बॅग पायाशी.

"डोक्यावर बसेन काय मी?"

"अगं, ते साहेबांना लिहिलं होतं."

"म्हणूनच खरं असणार. माझ्यासाठी लिहिलं असतंत तर विश्वास नसता बसला." तिने बॅग टेबलाखाली सरकवली. "नाही जात दापोलीला."

श्यामला इतकं बरं वाटलं, की तो तिथेच स्टुलावर बसला. "लाइनी आजच पूर्ववत करतो."

"खबरदार! लग्नाला चार वर्षं झाली. तुमच्या मनात काय आहे ते मला आज कळलं."

साहेबांचाही हुकूम तोच, की हात लावायचा नाही. तेव्हापासून श्याम रोज सकाळी यंत्रातर्फे साहेबांची माफी मागतो. त्याने साहेबांना लिहिलेलं आधी उमा वाचते आणि चुका काढून पुढे पाठवते.

दिवाळीला साहेबांनी उत्तम वर्तणुकीबद्दल यंत्राला रेशमी कव्हर शिवलं. श्यामला म्हणाले, "माफी कशी मागावी, पोंक्षे, ते शिका जरा त्याच्याकडून."

मागे उभी असलेली उमा म्हणाली, "मी यांना रोज हेच सांगते, साहेब."