चेहरा सत्तरचा, हात सव्वीसचे

गजभिये काका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, हाताकडे बघून बोलतात. बारा वर्षांपूर्वी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा ते वरच्या मजल्यावरून जिना उतरून आमच्या दारात उभे राहिले. मी कुकर, परात असं काय काय हातात धरून उभी. नव्या शेजाऱ्याने काय विचारावं? गाव कुठलं, साहेब कुठल्या खात्यात, पाणी किती वाजता येतं ते माहीत आहे का. काकांनी माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तोंड अडतीसचं. हात पंचेचाळीसचे. भांडी गरम पाण्यानं घासतेस?"

मी अडतीसचीच होते, आणि भांडी गरम पाण्यानेच घासत होते. मला इतका संताप आला की परात तिथेच आपटावीशी वाटली. तेवढ्यात काकांनी ती माझ्या हातातून घेतली, आत जाऊन ओट्यावर ठेवली आणि परत वर निघून गेले. त्या दिवसापासून आजतागायत मी हाताला क्रीम लावल्याशिवाय झोपलेली नाही. हा खर्च त्यांच्याकडून वसूल करायला हवा होता.

काका मेकअपमन. नागपूरला नाटकवाल्यांच्या दाढ्यामिशा चिकटवता चिकटवता दिल्लीला आले आणि इथे हिंदी सिरियलींना लागले. मुलगा मिलिंद तीन वर्षांचा असताना बायको गेली. त्याला त्यांनी एकट्याने वाढवलं. तो आता माझ्यासारखाच एका मंत्रालयात आहे, क्वार्टर त्याच्या नावावर, आणि बापलेक दोघंच राहतात. मिलिंद अबोल. ऑफिसातून आला की चहा घेऊन गॅलरीत बसतो. घरातलं सगळं बोलणं काका करतात आणि त्यातलं निम्मं आम्हाला खाली ऐकू येतं.

काकांचं वैर एकाच गोष्टीशी. जुन्या विज्ञान-सिरियलींमधलं झटपट म्हातारपण. ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल. अंतराळयान कुठल्या तरी ग्रहावर उतरतं, निळेहिरवे किरण पडतात, आणि जाहिराती संपल्यावर बघावं तर अख्खं यान पेन्शनर झालेलं. किंवा एखादा तरणाबांड माणूस यंत्रात शिरतो, दार बंद होतं, धूर निघतो, दार उघडतं, आणि आतून आजोबा बाहेर पडतात. देशी असो की विदेशी, काका संध्याकाळी सहा वाजता असला एक भाग नेटवर शोधून लावतात आणि साडेसहाला पहिली आरोळी येते, "पावडर टाकली, झाला म्हातारा!"

कुणी सक्ती केली आहे का हो बघायची? नाही. पण बघतात, आणि चिडतात, आणि एकट्याने चिडून समाधान होत नाही म्हणून मला बोलावतात.

"वैशाली! वर ये. ताबडतोब."

"काका, तव्यावर पोळी आहे."

"गॅस बंद कर अन् ये!"

वर जाऊन बघावं तर पडद्यावर एक कॅप्टन किरणांनी म्हातारा होऊन बसलेला. काका त्याला मधेच थांबवून उभे. "बघ. कपाळावर सुरकुत्या किती? मोज. गळ्यावर? एक नाही! ह्याच्या गळ्याला किरण लागले नाहीत काय? दात बघ, टूथपेस्टच्या जाहिरातीतले. कान बघ. अरे बाप्पा, म्हाताऱ्याचे कान लोंबतात, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही! आता उठेल बघ. उठला! कुठं हात टेकला? गुडघ्यावर? खुर्चीवर? टुणकन उठला, साला!" मग ते एकदम आवाज खाली आणत. खरा आरोप आता यायचा असे. "अन् हात?"

हात मला दिसत होतेच. गोरे, गुळगुळीत, नखं कापलेली.

"पंचविशीचे हात! बिल्कुल पंचविशीचे! चेहऱ्यावर चार तास घालवतात अन् हात विसरतात. माणसाचं वय हातावर लिहिलं असते, वैशाली. तोंड कोणालाही फसवते. हात नाही फसवत."

एवढं ऐकून खाली यावं तर पोळीचा पापड झालेला.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "एवढं सोपं असतं तर त्यांनी केलं नसतं का?" झालं. काकांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. माझ्या हाताची कातडी ताणून धरली, तिच्यावर पातळ रबराचा लेप दिला, केस वाळवायच्या ड्रायरने वाळवला आणि कातडी सोडून दिली. माझ्या डोळ्यांदेखत माझा हात आजीचा झाला. वर त्यांनी ब्रशाने शिरा काढल्या, डाग काढले. मी थक्क होऊन बघत राहिले. त्या लेपाला मात्र अमोनियाचा असा उग्र वास की साबण झाला, लिंबू झालं, बेसन झालं, तरी जाईना. दोन दिवस मी चमच्याने जेवले, आणि माझी मुलगी ईशा माझ्यापासून दोन हात लांब बसली.

ईशाचं आणि काकांचंही एकदा वाजलं. तिने मोबाइलवर काकांचा फोटो काढला, एक बटण दाबलं आणि त्यांना नव्वद वर्षांचे करून दाखवलं. तिला वाटलं, काका खूश होतील.

"ह्याला किती वेळ लागला?" काकांनी विचारलं.

"एक सेकंद. ॲप आहे ना, काका."

"कोणाच्या सुरकुत्या आहेत ह्या?"

"सुरकुत्या म्हणजे?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलीला दिल्लीत वाढवून मी काही गुन्हाच केला आहे. "म्हणजे तुझ्या आईला मी देणार आहे त्या! ह्या माझ्या सुरकुत्या नाहीत, पोरी. हे दुसऱ्या कोणाचं म्हातारपण आहे, मला चिकटवलेलं. बटण दाबलं की म्हातारपण! अरे, बसावं लागते त्याच्यासाठी. नऊ नऊ तास बसावं लागते!"

हे नऊ तास आले की समजायचं, गाडी काकांच्या स्वतःच्या एपिसोडवर आली. कुठलंही भाषण शेवटी तिथेच पोचायचं. चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीतल्या एका निर्मात्याने विज्ञानकथांची एक हिंदी सिरियल काढली होती. तिच्या एका भागात एक शास्त्रज्ञ आपल्या यंत्राची पहिली चाचणी एका बाईवर घेतो. ती बाई खुर्चीत बसते आणि एका मिनिटात सत्तरीची होते. मेकअप काकांचा. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, बाईने जागचं हलायचं नाही, टप्प्याटप्प्याने लेप चढवायचे आणि एका चित्रातून दुसरं चित्र उमलू द्यायचं. "एक मिनिट," काका बोट वर करून सांगत. "सव्वीस ते सत्तर. सांधा दिसत नाही कुठं."

एवढं ते महान काम, पण बघायला मिळेल तर शपथ. निर्माता वारला, मुलाने नोएडाचं गोदाम रिकामं केलं, कॅसेटी भंगारात गेल्या. काकांनी तरी पाठ सोडली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मेट्रोने नोएडाला जायचे, त्या मुलाच्या दारात उभे राहायचे आणि अपमान करून घेऊन परत यायचे. ज्या भंगारवाल्याने कॅसेटी नेल्या, त्याचा माग काढत पहाडगंजच्या एका दुकानापर्यंत पोचले. तिथे रिकाम्या डब्या मिळाल्या. त्यासुद्धा घेऊन आले.

"काका, सोडा ना आता," मी म्हणायचे.

"तो भाग मला पाहिजे. मरायच्या आधी पाहिजे."

मला वाटायचं, हा कारागिराचा अहंकार. जगातले सगळे मेकअपमन हात विसरले आणि आपण तेवढे विसरलो नाही, हे त्यांना आम्हाला दाखवायचं आहे. खरं सांगायचं तर मलाही तो भाग हवा होता. बारा वर्षं ऐकून घेतलं होतं, एकदा बघू तरी द्या.

सापडला तो ईशाला. जुन्या सिरियलींचे वेडे लोक नेटवर एकमेकांना शोधत असतात. अशा एका ग्रुपवर तिने विचारलं, आणि गाझियाबादच्या एका गृहस्थांनी आपल्या घरच्या व्हीसीआरवर तेव्हा टेप केलेला तो भाग चढवला, मधल्या साबणाच्या जाहिरातींसकट. शनिवारी संध्याकाळी आम्ही मायलेकींनी तो आधी पाहिला. ते एक मिनिट आलं. चित्र धुरकट होतं, पण सांधा खरंच कुठे दिसत नव्हता. मी मात्र काकांची शिष्या. मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी खुर्चीच्या हातांवर ठेवलेले त्या बाईचे हात बघत होते. चाळिशी आली, पन्नाशी आली, सत्तरी आली. हात सव्वीसचेच.

मी किंचाळलेच. व्हिडिओच्या खाली कुणीतरी लिहिलंही होतं, "आंटी का चेहरा सत्तर का, हाथ छब्बीस के!" त्याच्याखाली हसणाऱ्यांची रांग. माझी पापड झालेली प्रत्येक पोळी मला आठवली. बारा वर्षं ह्या माणसाने मला हातांवरून छळलं, अख्ख्या जगाला शिव्या घातल्या, आणि स्वतः? मी ठरवलं, उद्या सोडायचं नाही.

रविवारी सकाळी पोहे केले आणि बापलेकांना खाली बोलावलं. "तुमचा भाग सापडला," एवढंच सांगितलं. काका स्वच्छ शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेला बसले. मिलिंद पोह्यांची बशी घेऊन दाराशी उभा राहिला.

मी भाग लावला. यंत्र आलं, बाई खुर्चीत बसली, दिवे लुकलुकले. मी सत्तरीची वाट बघत होते. सत्तरी आली, मी चित्र थांबवलं आणि टाळी वाजवली. "काका! हात!"

मिलिंद दारातून पुढे आला.

"बाबा," मिलिंद म्हणाला. "ही आई आहे."

वरच्या घरात बुद्धांच्या तसबिरीशेजारी तिचा लग्नातला फोटो आहे. बारा वर्षं मी तो येता-जाता बघत होते. आदल्या दिवशी एकदा, फक्त एकदा जरी मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं, तर मलाही कळलं असतं. मला माझीच लाज वाटली.

"हो," काका म्हणाले. "सुमन आहे. नऊ तास बसायचं म्हटल्यावर ठरलेली पोरगी पळून गेली. ही माझा डबा घेऊन आली होती. म्हणाली, मी बसते." ते माझ्याकडे वळले. "हातांचा लेप तयार होता, वैशाली. भिजवून ठेवला होता. तिनं लावू दिला नाही. घरी मी सगळं तिच्याच हातावर करून बघायचो. त्या वासानं हा पोट्टा तिच्या हातचा घास घ्यायचा नाही. तोंड फिरवायचा. म्हणाली, तोंडाचं काय करायचं ते करा, हाताला लावायचं नाही, घरी जाऊन मिलिंदला भरवायचं आहे. भांडलो मी. सगळ्या युनिटसमोर भांडलो. ऐकली नाही."

माझ्या तोंडून उगीचच निघून गेलं, "मग काका, बाकीच्यांना तुम्ही एवढं का..."

"त्यांच्याकडं काय कारण होतं?" काका उसळून उभे राहिले. खुर्चीवर हात टेकून, हळू, पण उसळूनच. "त्या कॅप्टनकडं काय कारण होतं? त्याचं लेकरू बसलं होतं काय उपाशी? माझ्याकडं कारण होतं!"

मग बसले. "त्याच हिवाळ्यात कावीळ झाली तिला. पंधरा दिवसांत गेली. तिचं म्हातारपण मी एकट्यानं पाहिलं, ते हे. एक मिनिट."

"मला कधी सांगितलं का नाही?" मिलिंदने विचारलं.

"सापडलं नसतं तर? तुला कशाला आशा लावायची?"

मिलिंदने बशी टीपॉयवर ठेवली. माझ्या हातातला रिमोट घेतला आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"आता बघ," काका म्हणाले. "पन्नाशीच्या आसपास करंगळी हलते तिची. डायरेक्टर लई ओरडला होता."

करंगळी हलली. अगदी जराशी. मिलिंदने चित्र मागे नेलं आणि परत लावलं, मग आणखी एकदा. पडद्यावर एक तरुण बाई पुन्हा पुन्हा म्हातारी होत होती. झटपट म्हातारपणाचा एवढा मोठा शत्रू, पण काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. आता चेहरा बघणारी मी एकटीच होते. बापलेक दोघंही हातांकडे बघत होते.