दस्त्यातून उगवलेलं फूल

सासरेबुवांनी बारा वर्षांत जावयाच्या हातात साधा पानाही दिला नव्हता. आज मात्र बंदुकीचा लाकडी दस्ता सोडवून त्यांनी सरळ त्याच्या मांडीवर ठेवला.

"जुनं पॉलिश उतरवायचंय. हे औषध लावा, दहा मिनिटांनी खरवडा. पाचला येतो मी. बघू जमतंय का."

जावयानं मागच्या पडवीत बसून औषध लावलं, दहा मिनिटं काढायची म्हणून जरा आडवा झाला, आणि उठला तो सव्वातीनला.

पॉलिश उतरलं होतं. इतकं उतरलं होतं, की त्याखाली लाकडात भरलेली पुट्टीसुद्धा भुगा होऊन गळत होती. नेम धरताना सासरे जिथे गाल टेकवत, ऐन तिथेच खड्डा.

"घासून सपाट कर की," बायको दारातून म्हणाली.

त्यानं तारेची घासणी चालवली. खड्डा लांबला. पॉलिशपेपर घेतला, तर शेजारी दुसरा उघडा पडला. मग तिसरा. रडकुंडीला येऊन त्यानं फुंकर मारली, आणि समोर चक्क पाच पाकळ्यांचं फूल.

"हे काय कोरून ठेवलंस?"

"मी कुठे कोरलंय? मी पुसतोय आणि हे उगवतंय."

"बाबांना सांग तसं. लगेच पटेल त्यांना."

भुसा आणि गोंद कालवून तो पाकळ्या बुजवायला बसला, तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. फूल दिसताच त्यांनी कप खाली ठेवला. त्यांनी दस्ता उचलला, फुलावरून बोट फिरवलं.

"आई, मी भरून देतो सगळं. चुकून झालं हो माझ्याकडून..."

"माझ्या माहेरून आलेल्या पलंगाची फळी आहे ही," सासूबाई म्हणाल्या. "उशाकडची. लग्नाला वर्ष नव्हतं झालं. वाळवीनं खाल्ला, फेकून दिला, असं ह्यांनी सांगितलं मला. दोन दिवस जेवले नव्हते मी."

दस्ता मांडीवर घेऊन त्या दाराकडे तोंड करून बसल्या. जावयाला उठून जावंसं वाटत होतं, पण जायची वाट त्यांच्यासमोरूनच होती.

पाचला सासरे शीळ घालत आले. आधी फूल दिसलं, मग मांडी, मग चेहरा. शीळ मध्येच तुटली.

"या," सासूबाई म्हणाल्या. "वाळवी आली बघा."

सासरे येऊन जावयाशेजारी जमिनीवरच टेकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे चार दिवस माझी सोय होईल का?"

"होईल की. आमचा पलंग देतो तुम्हाला."

"पलंग नको," सासरे म्हणाले. "खालीच टाका काहीतरी."