पियानो लागेपर्यंत

कुठलंही काम सांगा, मॅनेजरसाहेबांचं उत्तर ठरलेलं: “होऊन जाईल!” नळ गळतोय? होऊन जाईल! तीन वेटर एकदम आजारी? होऊन जाईल! त्यामुळे त्या तळघरातल्या बारमध्ये सगळे त्यांना पाठीमागे ‘होऊनजाईल साहेब’ म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

बार तसा बेताचाच. रस्त्यावरून चौदा पायऱ्या उतरल्या की अकरा टेबलं, एक लांब काउंटर आणि कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज. स्टेजवर एक जुना पियानो होता आणि त्याचा मुख्य उपयोग लोकांचे कोट ठेवायला होत असे. ते स्टेज मालकीणबाईंच्या डोळ्यात सलत होतं. तिथं आणखी तीन टेबलं बसली असती!

साहेबांचा जीव मात्र त्या स्टेजमध्ये अडकला होता, कारण त्यांची धाकटी बहीण गायची. आवाज असा की ऐकणाऱ्यानं घास हातातच धरून ठेवावा. पण ऐकतो कोण? आजवर ती गायली ती पार्ट्यांमध्ये आणि दुकानांच्या उद्घाटनांना. लोक तिच्याकडे पाठ करून एकमेकांची विचारपूस करत आणि मध्येच कुणीतरी येऊन सांगे, “ताई, जरा हळू गा ना, बोलता येत नाहीये!” परवा तर ती म्हणाली होती, “दादा, पुरे झालं. आता कुठंतरी नोकरी बघते.”

तेव्हा साहेब तडक मालकीणबाईंच्या केबिनमध्ये शिरले.

“एकच रविवार देते,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी पाच वाजता. हॉल भरला नाही तर सोमवारी सुतार बोलावून स्टेज काढते.”

“बाई, उभं राहायला जागा मिळणार नाही!”

“मिळेल हो. रिकाम्या हॉलची मला सवय आहे.”

साहेब कामाला लागले, आणि घोळ झाला तो त्यांच्या या झपाट्यामुळेच. एका कानाला छापखान्याचा फोन, दुसऱ्या कानाला पियानो सुरात लावणाऱ्या काकांचा. साहेब काकांना ठणकावून म्हणाले, “रविवारी, बरोबर चार वाजता!” छापखानेवाल्याचेही कान शाबूत होते. त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. दोनशे पोस्टरं छापून आली. साहेबांनी बहिणीचा फोटो पाहिला, रंग पाहिला, कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, “फर्स्ट क्लास!” वेळ तेवढी पाहिली नाही.

रविवारी चारला दहा कमी असताना काका आले. काटकुळी अंगकाठी, बिनबाह्यांचा स्वेटर, हातात झिजलेली चामडी बॅग. त्यांनी पियानोचं झाकण उघडलं. आतून दोन हातमोजे, एक कंगवा आणि लिंबाची वाळलेली फोड निघाली. पेशंटला फार उशिरा आणल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात, तसं काकांनी साहेबांकडे बघितलं.

“किती वर्षं झाली लावून?”

“असतील... चार-पाच.”

“तुमच्या वयाइतकी झालीत,” काका म्हणाले, आणि कामाला लागले.

एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. आधी दोघं. मग सहा जण. मग तर रांगच! सव्वाचारपर्यंत अकराही टेबलं भरली, भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. साहेबांची छाती आधी आनंदानं फुगली, आणि मग एका माणसाच्या हातातलं पोस्टर दिसल्यावर टाचणी लागलेल्या फुग्यासारखी फुस्स झाली. चार! छापलंय चार! आणि बहीण तिच्या साथीदारांसह पाचला येणार!

फोन लावला. बंद. “गायच्या आधी मी कुणाशी बोलत नाही” हा तिचा नियम होता.

स्टेजवर काका एकच पट्टी बडवत होते. टंग! टंग! टंग! मग चावीनं आत काहीतरी पिळायचे, मान वाकडी करायचे, आणि पुन्हा टंग!

साहेब धावत गेले. “काका, लोक आलेत! आवरा!”

“अर्धा लावलेला पियानो सोडून मी उठत नाही. चाळीस वर्षांत उठलेलो नाही.”

“अहो, पण...”

“आणि कानाशी बोलू नका!”

साहेब घामाघूम होऊन खाली उतरले, तर पहिल्याच टेबलावरच्या गृहस्थांनी त्यांची बाही धरली. गळ्यात मफलर, टेबलावर वही. वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे हेच ते! साहेबांनीच हातापाया पडून बोलावलं होतं.

“हे कोण?” मफलरवाल्यांनी विचारलं.

खरं सांगायला एक सेकंद पुरला असता. पण साहेबांच्या जिभेला तशी सवयच नव्हती. “हे... आजचे खास पाहुणे.”

“वाजवतात काय?”

“एकेक सूर,” साहेब म्हणाले. निदान हे तरी खोटं नव्हतं.

“फक्त एकेक सूर!” मफलरवाल्यांचे डोळे चमकले. “बाकी सगळं काढून टाकलं! वा!” आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. ते पाहून शेजारच्या टेबलानं माना डोलवल्या. त्या टेबलाकडे बघून पलीकडच्या टेबलानं.

काउंटरवरची मुलगी साहेबांच्या कानात कुजबुजली, “साहेब, हे तर पियानो दुरुस्त करतायत!”

“गप्प बस. कळतंय मला.”

तेवढ्यात काका गर्रकन वळले. “खुर्ची कोण सरकवतंय? मला काही ऐकू येत नाहीये!”

हॉल चिडीचूप! मागच्या रांगेतल्या एकानं सरकवलेली खुर्ची उचलून मांडीवर घेतली.

टंग! टंग! मग काका पुन्हा वळले. “तो फ्रिज घुरघुरतोय. बंद करा!” मुलीनं फ्रिज बंद केला. “तो पंखा!” पंखा बंद झाला. “बर्फ कोण हलवतंय?” एका बाईंनी ग्लासमध्ये बोटं घालून बर्फ धरून ठेवला. सत्तर माणसं तळघरात घामानं निथळत होती, आणि एकाच्याही तोंडून हूं की चूं नाही. आईबापांचं ऐकलं नसेल इतकं लोकांनी काकांचं ऐकलं!

मालकीणबाई साडेचारला आल्या. भरलेला हॉल बघून त्या चौथ्या पायरीवरच थबकल्या. “हे काय चाल...” त्यांनी सुरुवात केली, तर सत्तर जणांनी एकदम वळून “शूऽऽ!” केलं. स्वतःच्या बारमध्ये! बाई पायरीवरच बसल्या.

मग एक गंमत झाली. काकांनी दोन पट्ट्या एकत्र दाबल्या. आवाज थरथरत होता, पाण्यावर लाटा उठाव्यात तसा. कुणाला उद्देशून नव्हे, स्वतःशीच काका पुटपुटले, “ऐका... लाटा ऐका... आता जातील बघा...” आणि चावी केसभर फिरवली. लाटा लांबल्या, मंदावल्या आणि थांबल्या. दोन सुरांचा एकच सूर झाला. तळघरातल्या प्रत्येक माणसाला ते ऐकू आलं. बर्फ धरून बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढी वर्षं साहेब या पियानोशेजारी वावरले होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना त्याचा आवाज कळला.

पाचला पाच कमी असताना बहीण आली. पाठीमागे ड्रमवाला आणि पियानोवाली. एवढी माणसं, आणि अशी शांतता! तिचा चेहरा पांढराफटक पडला. “दादा,” ती कुजबुजली, “कोण गेलं?”

“कोणी नाही गं. पियानो लावतायत.”

काकांनी शेवटची पट्टी वाजवली, चावी पुसून बॅगेत ठेवली, झाकण लावलं. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काका दचकून स्टूलवरून पडता पडता राहिले.

“वन्स मोअर!” कुणीतरी ओरडलं.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. “वन्स मोअर? म्हणजे नीट लागला नाही म्हणता?” त्यांनी झाकण उघडलं, पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळ्या एकदा ठणाठणा वाजवल्या, आणि लोकांकडे रोखून बघितलं. “आता बोला! कुठं चुकलंय?”

लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. काका बॅग घेऊन, मान हलवत, गर्दीतून वाट काढत निघून गेले.

त्यानंतर बहीण गायली. तासभर कान टवकारून बसलेले ते लोक हलायलाच तयार नव्हते. पहिली ओळ झाली, आणि सवयीनं ती क्षणभर थांबली. आता कुणीतरी बोलायला लागेल! कोणीच बोललं नाही. मग तिनं डोळे मिटले आणि अशी गायली, अशी गायली, की पायरीवर बसलेल्या मालकीणबाई उठून पुढे आल्या आणि उभ्या उभ्याच ऐकत राहिल्या. नोकरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मंगळवारी पेपर आला. मफलरवाल्यांनी दोन स्तंभ भरून काकांवर लिहिलं होतं. ‘श्रोत्यांना दटावणारा, टाळीचा तिरस्कार करणारा कलावंत!’ आणि अगदी तळाशी, जाहिरातीच्या वर, एक ओळ: ‘नंतर गाणंही झालं, छान झालं.’ बहिणीनं तेवढीच ओळ कापून आरशाला चिकटवली आणि दिवसभर हसत सुटली.

मालकीणबाईंनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. “तुझी बहीण दर रविवारी गाईल. पण आधी ते काका हवेत. त्यांच्याशिवाय लोक गप्प बसत नाहीत.”

“होऊन जाईल!” साहेब म्हणाले आणि बाहेर येऊन काकांना फोन लावला.

“लागलेल्या पियानोला मी हात लावत नाही,” काका म्हणाले. “बिघडला की कळवा.” आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी काउंटरवरची मुलगी ग्लास पुसायला आली, तर स्टेजवर साहेब! अंगातला कोट काढलेला, डोकं पियानोच्या पोटात, हातात नळदुरुस्तीचा मोठा पाना.

“साहेब! काय करताय?”

आतून दबलेला आवाज आला.

“रियाज.”