शुभ दिशेचा शाफ्ट

जी वस्तू विनातक्रार चालते, तिच्यात सुधारणेला सर्वाधिक वाव असतो. बंद पडलेली वस्तू माणूस नुसती दुरुस्त करतो.

या तत्त्वावर हणमंतरावांची गाढ श्रद्धा. निवृत्तीनंतर ते व्हाइटफील्डच्या आपल्या सोसायटीतल्या तळ्यात रिमोटवरची हातभर लांब स्पीडबोट चालवत. बोट मुकाट फेऱ्या मारी. बदकं तिला आपल्यातलीच समजत. अशातच तळं बुजवून पार्किंग करायची टूम निघाली. अध्यक्ष पवनकुमार मात्र न्यायी गृहस्थ. तळ्याचा काही उपयोग आहे असं रविवारच्या सभेपुढे सिद्ध झाल्यास ते राखण्यात येईल, असं त्यांनी जाहीर केलं. (सोबत पार्किंगचा नकाशा जोडला होता, तो केवळ माहितीसाठी.)

हणमंतरावांचा सगळा जीव त्या तळ्यात. सभेपुढे बोट चालवून दाखवायचं त्यांनी ठरवलं.

“अहो, आहे तशीच चालवा की,” पत्नी तुंगाबाई म्हणाल्या. “बरी पळतीय.”

“सभेपुढं आहे तशी? लग्नाला घरच्या लुंगीवर जाऊ होय?”

मोटरीपासून मागच्या पंख्यापर्यंत फिरणारी साधी तार निघाली आणि तिथे लवचिक केबलचा शाफ्ट आला. (केबल म्हणजे पोलादी तारांची घट्ट वेणी.) केबल जाड, म्हणून इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून जाड नळी. नळी जाड, म्हणून बोटीच्या पोटाला मोठं भोक. नव्या शाफ्टपुढे मोटर अशक्त दिसू लागली, म्हणून मोठी मोटर. तिच्या भुकेसाठी बॅटरी. बॅटरीच्या वजनाने बोट मागे टेकली, म्हणून नाकात शिसं. वेग निम्म्यावर आला, पण दर्जा दुप्पट झाला, यावर तज्ज्ञांचं एकमत होतं. (तज्ज्ञ म्हणजे हणमंतराव.)

इतक्यात शेजारचे मल्हारराव डोकावले. सोसायटीत कुणाच्या शेगडीचं तोंड कुठं असावं, हे तेच ठरवत.

“अण्णा, पंखा उलटा फिरतोय की! प्रदक्षिणा अशी घालतात होय?”

“सरी, सरी,” (म्हणजे ‘बरं, बरं’) म्हणत हणमंतरावांनी मोटरीच्या वायरींची अदलाबदल केली आणि पंखाही उलट्या पात्यांचा लावला. केबल तेवढी तीच राहिली. वेणीचा पीळ कुठल्या बाजूचा, याबद्दल मल्हाररावांचं शास्त्र मौन बाळगून होतं.

रविवारी तळ्याकाठी सभा भरली. नारळ फुटला. हणमंतरावांनी रिमोटची कळ ओढली. शाफ्ट शुभ दिशेने, म्हणजेच पिळाच्या उलट, फिरला. वेणी सुटली, तारा फुलून नळीत रुतल्या, आणि बोट जागच्या जागी कण्हून गप्प झाली.

“अण्णा, स्वल्प जोरात ओढा ना,” पवनकुमार म्हणाले.

तुंगाबाईंनी बोट उचलून नळीत डोकावून पाहिलं. “आणखी काय ओढताय? केस मोकळे सोडून बसलीय ती!”

सभा पोटभर हसली आणि पार्किंगच्या बाजूने हात वर झाले. हणमंतरावांनी रिमोट खाली ठेवला. “पवनकुमार, तळ्यात बिघाड तरी काय आहे हो?”

“काहीच नाही, अण्णा. म्हणून तर सुधारणा करतोय.”

तत्त्व हणमंतरावांचंच होतं.

तळं आता सपाट आहे. वाचून आपल्याला वाईट वाटलं असेल, तर अवश्य येऊन पाहावं. मेट्रो स्टेशन फाटकासमोरच आहे. पण आपण गाडीनेच याल, हे समितीने आधीच ओळखलं होतं. आपली जागा आखून ठेवली आहे.