चाळिसाव्या पायरीवरची थंडी

श्रुतिकाच्या मोबाइलमधली लढवय्यी पाहून तुळसाबाईंनाच हुडहुडी भरली. बालाघाटात वैनगंगेवरून गार वारा सुटला होता, आणि ही बाई बर्फाच्या डोंगरावर दोन चिंध्या गुंडाळून तलवार घेऊन उभी. तिचे साथीदार मात्र टाचेपासून नाकापर्यंत लोखंडात.

"काहून वं, हे लढाले जाऊन राह्यली का आंघोळीले?"

"आजी, वो गेम है ना!" नात हसली. "मी हाय ते. चाळीसवी पायरी! दोन महिने लागले. चार वाजता फायनल हाय, हात नको लावजो."

"आन् खालच्या पायरीवर?"

"तिथं पूरे कपडे राह्यतेत. जिंकलं का गड्यायचं चिलखत वाढते, बायायचं कमी होते. हारलं का एक पायरी खाली."

एवढं सांगून श्रुतिका केसांना मेंदी लावायला शेजारी गेली, तिथंच घोळ झाला. तुळसाबाई राजेगावहून आल्या होत्या त्या देवळातल्या सप्ताहासाठी. आदल्याच दिवशी बुवांनी वस्त्रहरणाचं आख्यान लावलं होतं. भरल्या सभेत एकही माणूस उठला नाही, हे ऐकून त्या पदराआड रडल्या होत्या. आज उठायची पाळी आपली, हे त्यांना लख्ख दिसलं.

उघडाच राहिलेला खेळ त्यांनी हाती घेतला. हरणं अवघड नव्हतं. खेळात राजाची माणसं तेवढी गोरी. दरोडेखोर झाडून सगळे काळे.

"विठोबाच्या रंगाचे लेकरं, आन् हे काहून चोर? आमचे यजमान उकव्याच्या खाणीत होते, असेच काळे. कोणाची सुई नाही उचलली."

त्या प्रत्येकाला हात जोडत गेल्या, दरोडेखोर हाणत गेले. पायरी उतरली, बाह्या आल्या. आणखी उतरल्या, घागरा आला. पहिल्या पायरीवर डोक्यावरून जाड घोंगडी आली, तेव्हा तुळसाबाईंनी मोबाइलला कुंकू लावलं.

श्रुतिका परतली तेव्हा चारला दोन मिनिटं होती.

"आजीऽऽ! ये क्या किया!"

फोनवर तिच्या साथीदारांपैकी पियुष ओरडत होता, "अवं, हे भाजीवाली कोण उभी केली? समोरचे चौघंही चाळीसवाले हायत!"

"माह्या आजीनं!" श्रुतिका रडकुंडीला आली.

सामना सुरू होताच पियुषसकट सगळे साथीदार पडले. चौघे तलवारी उपसून श्रुतिकाकडे धावले. तिनं डोळे मिटले. उघडले, तर चौघेही घोंगडीवालीला वळसा घालून पुढे गेलेले, चिंध्यांतल्या लढवय्यीला शोधत! या खेळात अंगभर कपड्यांतली बाई म्हणजे पाणी भरणारी, नाहीतर स्वयंपाकीण. तिच्यावर कोण तलवार वाया घालवणार? घोंगडीवाली रमतगमत किल्ल्यात शिरली आणि तिनं झेंडा उपटला.

"जिंकलो! आजीले माहा दंडवत सांग!" फोनवरून पियुष ओरडला.

श्रुतिकानं आजीला मिठी मारली. पडद्यावर फुलं उधळली. विजेतीला बक्षीस, एकदम पन्नासावी पायरी! घोंगडी उडाली, घागरा उडाला, बाह्या उडाल्या. उरलं ते तुळसाबाईंच्या बटव्याच्या नाडीइतकं.

त्यांनी झटकन मोबाइलवर पदर टाकला. देवळात टाळ वाजू लागले होते.

"तू हो पुढं," चष्मा पुसत त्या नातीला म्हणाल्या. "बुवायले सांगजो, आजीले उशीर हाय. एकोणपन्नास डाव हाराचे हायत."